अर्धं जावळ अन् नवी सिस्टर

आमच्या शेजारच्या प्रज्ञाला नोकरीची ऑर्डर आली. पेढे घेऊन आली खरी, पण तोंड असं केलेलं की जसं कुणी तिला लढाईवर धाडून राहिलंय. मी म्हटलं, "काय गं, सरकारी नोकरी लागली अन् रडून राहिलीस?"

"आजी, लेकरांच्या वॉर्डात टाकलंय मला. मोठ्या माणसाला सुई टोचता येती हो. पण एवढ्याशा हाताला कशी टोचू? अन् वरून त्यांच्या आया-आज्या! लई भांडतात म्हणे."

"भांडतात," मी म्हटलं. "माझी सासू असली भांडली होती की अख्खा वॉर्ड जागच्या जागी थांबला. बस इथं, सांगते."

तिला सांगितलं तेच इथं लिहून काढलंय, कारण तिच्यासारख्या घाबरलेल्या पोरी आणखी असतील. माझं शिक्षण सातवी. औषधपाणी मला कळत नाही अन् ते तुम्हाला शिकवायला तुमच्या बाई आहेत. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूचं सांगते, आईच्या बाजूचं. अन् आधीच सांगून ठेवते, हे सांगताना मला गर्व होतो. होऊ द्या. गर्व करावा अशा गोष्टी माझ्या वाट्याला काही ढीगभर आल्या नाहीत.

*टाळू*

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या रंगवणं चालू होतं. आमचे मालक सरकारी ट्रकवर ड्रायव्हर. त्यांची बदली नव्या जिल्ह्यात झाली अन् आम्ही लातुरात एका खोलीत बिऱ्हाड केलं. पाट्यांचा रंग वाळला नाही तोवर दुष्काळ पडला. मालकांना टँकरवर टाकलं. सकाळी निघायचे ते गावोगावच्या विहिरींत पाणी ओतत हिंडायचे, कधी रात्रीही घरी यायचे नाहीत. जिल्ह्याला पाणी पाजणाऱ्या माणसाच्या घरात मात्र गढूळ पाणी. फडक्यानं गाळायचं, तुरटी फिरवायची अन् देवाचं नाव घेऊन प्यायचं.

माझा संदीप तेव्हा रांगायला लागला होता. त्याच्या आधी मला एक मुलगी झाली होती, ती सव्वा महिन्याची होऊन गेली. म्हणून संदीप पोटात असतानाच सासूबाईंनी माळेगावच्या खंडोबाला नवस बोलला होता. लेकरू जगू दे, त्याचं जावळ तुझ्याच दारात काढीन, मामाच्या मांडीवर. तोवर जन्माच्या केसाला कात्री लागू देणार नाही. अन् पोराचं जावळ तरी केवढं! कानावर यायचं, मानेवर यायचं. सासूबाई रोज तेल लावून मधोमध भांग पाडायच्या अन् त्याला 'खंडोबाचा घोडा' म्हणून खेळवायच्या.

एका सकाळी त्याला जुलाब लागले. दुपारपासून उलट्या. सासूबाई म्हणल्या, टाळू खचली. गल्लीतली एक म्हातारी टाळू उचलायची, तिच्याकडं नेलं. तिनं तोंडात बोट घालून वर दाबलं, डोक्यावर तेल थापलं, "आता राहील" म्हणाली. दुसऱ्या दिवशी पोरगं गप पडलं. मला आधी वाटलं, आराम पडला. मग जवळ जाऊन बघितलं तर ते रडत होतं. रडत होतं, पण डोळ्यांत टिपूस नाही, गळ्यातून आवाज नाही, नुसतं तोंड वाकडं होऊन राहिलेलं. असं कोरडं रडणं मी आयुष्यात बघितलं नव्हतं. मी कुणाला विचारलं नाही. लेकरू उचललं अन् दवाखान्याच्या वाटेला लागले. सासूबाई मागून पळत आल्या, "अगं ए, माझी चप्पल तरी सापडू दे!"

*शीर सापडेना*

डॉक्टरांनी संदीपच्या पोटाची कातडी चिमटीत धरली अन् सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसेचना.

"अंगातलं पाणी संपलंय," ते म्हणाले. "शेवटची लघवी कधी केली?"

मला सांगता येईना.

"सलाईन लावू. पण लघवी होईपर्यंत मी काहीच सांगू शकत नाही."

ते वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. नवस, नवरा, घर, सगळं मागं पडलं. पोराची लघवी व्हावी, एवढंच मागणं राहिलं. आई झाल्यावर माणूस काय काय मागायला शिकतं बघा.

वॉर्ड गच्च भरलेला होता. दुष्काळ, घाण पाणी, सगळ्या लेकरांचं दुखणं एकच. एका पलंगावर दोन-दोन. आमच्या पलंगावर उदगीरची नसरीन नावाची पोरगी होती, जरा सुधारलेली. तिची आई ओली बाळंतीण म्हणून घरी, अन् पोरीजवळ तिचे वडील हमीदभाई एकटे. शिंपी माणूस, घोड्यांच्या झुली शिवायचे. नसरीनची वेणी असली घालायचे की आम्ही बाया बघत राहायचो.

अन् सिस्टर होती सुजाता. नांदेडची, कामावर नवी-नवी. डोक्यावरची टोपी तिला धड बसायची नाही, सारखी घसरायची. सासूबाईंनी तिला पहिलाच प्रश्न टाकला, "कुणाची गं तू?" आमच्याकडं या प्रश्नाचा अर्थ एकच असतो अन् तो सगळ्यांना कळतो.

"बौद्धाची. बाबा रेल्वेत हायत," ती म्हणाली. मान वर ठेवून म्हणाली. सासूबाईंनी लुगडं सावरलं अन् जरा सरकून बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुजातानं एक हात बघितला, दुसरा हात बघितला. दोन्ही पाय बघितले. चापट्या मारल्या, चोळलं, रबर बांधलं. शीर सापडेना. सापडली असं वाटून सुई घातली की बाजूला सुजायचं. तिच्या कपाळावर घाम. डॉक्टर आले, बघून म्हणाले, "डोक्याची शीर घ्या सिस्टर. तेवढे केस काढा," अन् पलीकडं एक लेकरू झटके देत होतं तिकडं धावले.

सुजातानं ब्लेड हातात घेतलं मात्र, सासूबाईंनी संदीपचं डोकं पदराखाली ओढलं.

"हात तर लावून बघ! देवाचे केस हायत ते! देणं दिल्याशिवाय ब्लेड लागलं तर देव लेकरू उचलून नेतो. एक नेलंच हाय त्यानं!"

वॉर्डातली लेकरं दचकून रडायला लागली. थोरली सिस्टर आली. तिला पन्नास लेकरं बघायची, तिनं नेहमीचं सांगितलं, "उपचार करू द्यायचे नसतील तर सही द्या अन् घेऊन जा."

"द्या कागद, अंगठा देते. चल गं, उचल लेकरू!"

मी जागची हलले नाही. आता सांगते प्रज्ञा, नीट ऐक. त्या वेळी माझी सासू तुम्हा लोकांना अडाणी, हट्टी, भांडखोर दिसली असती. अन् ती होतीही हट्टी, मीच सांगते, पण त्या म्हातारीनं स्वतःच्या हातानं एक नात मातीत ठेवली होती. तिच्या मते ती नातवाला वाचवूनच राहिली होती. डॉक्टरही वाचवून राहिले होते. अन् त्या दोघांच्या ओढाताणीत माझं पोरगं चाललं होतं.

*कोण कोण लागतं?*

सुजातानं ब्लेड ट्रेमध्ये ठेवलं अन् सासूबाईंच्या पायाशी भुईवर बसली. मला वाटलं, आता ही हातापाया पडणार. तर तिनं विचारलं,

"आजी, तुमच्यात जावळ कसं काढतात?"

"आँ?"

"म्हणजे कोण कोण लागतं? काय काय करावं लागतं?"

सासूबाई भांडायला कंबर कसून बसलेल्या, अन् प्रश्न आला तो घरातला. म्हातारं माणूस, रीत विचारली की सांगितल्याबिगर राहवत नाही. सांगायलाच लागल्या. मामाची मांडी लागते. केस भुईवर पडू नयेत, आत्यानं पदरात झेलावेत. झेललेले केस देवाला वाहायचे.

"मग मी न्हाव्याचं काम करते," सुजाता म्हणाली. "अख्खं डोकं न्हाई करत आजी. इथं, कानाच्या वर, एवढीच जागा." तिनं दोन बोटांनी दाखवली. "बाकीचं जावळ तुम्ही माळेगावलाच काढा. अन् हे केस एकसुद्धा भुईवर पडू देत न्हाई. देवाचे ते देवाकडंच जातेल."

"अन् मामा? मामा कुठून आणतीस?"

मामा म्हणजे माझा भाऊ व्यंकट, तो कंधारकडच्या गावात. त्याला निरोप जाऊन, दोन एसट्या बदलून तो यायचा म्हणजे दुसरा दिवस उजाडला असता. संदीपजवळ तेवढा वेळ नव्हता, ते आता मलाही दिसत होतं. डोळे अर्धे उघडे अन् बुबुळं वर गेलेली.

तेव्हा मी बोलले. सासूपुढं त्या दिवसापर्यंत मी 'हाव' अन् 'न्हाई'च्या पलीकडं कधी गेले नव्हते. मी हमीदभाईंकडं वळले अन् म्हटलं, "भाऊ, माझा सख्खा भाऊ लांब हाय. आज तुम्ही माझे भाऊ व्हा. माझ्या लेकराला मांडी द्या."

हमीदभाईंच्या हातात नसरीनची वेणी अर्धी होती. ती तशीच सोडून उठले. "बैठतूं ना मैं बहना! पूछना क्या उसमें?"

"अगं, पण ते मुसलमान..." सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं.

"आजी," हमीदभाई म्हणाले, "दरसाल माळेगावच्या जत्रेत माझं झुलीचं दुकान लागतं. तिथं किती घोड्यांच्या पाठीवर माझी शिलाई हाय, मोजा जाऊन. खंडोबाची अन् माझी ओळख तुमच्यापेक्षा जुनी हाय. काही बोलला तर माझं नाव सांगा, मी बघतो."

कुणीतरी बाई फिसकन हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांचा हात संदीपच्या टाळूवर होता. तिथं खड्डा पडला होता, अख्खं बोट बसेल एवढा. तो खड्डा त्या चाचपत राहिल्या. मग डोळे पुसून म्हणल्या,

"झेलायला आत्या लागती. आत्या न्हाई तर मीच झेलते." अन् पदर पसरला.

मी सांगते, मला त्या क्षणी तिघांचाही गर्व वाटला. हमीदभाईंचा, त्या पोरीचा, अन् आयुष्यभर जिनं मला धारेवर धरलं त्या माझ्या सासूचाही.

*थरथरता हात*

हमीदभाई पलंगावर मांडी घालून बसले. टोपी सरळ केली, "बिस्मिल्ला" म्हटलं अन् संदीपला घेतलं. सुजातानं ब्लेड उचललं तर तिचा हात असा थरथरायला लागला की तिचं तिलाच आवरेना.

"का गं, कापशील लेकराला!" सासूबाई म्हणल्या.

"आजी, डोक्याची शीर माझी पहिलीच हाय," ती खरं बोलून गेली. डोळे भरून आले होते तिचे.

आता बघा माझ्या सासूनं काय केलं. पळता पळताही त्यांनी घरून उचलून आणलेला पाण्याचा तांब्या होता, गाळून, तुरटी फिरवलेला. त्या तांब्याला कुणाचा हात लागू द्यायचा अन् कुणाचा नाही याचे आमच्या घरात किती नियम होते, ते मला ठाऊक. तो तांब्या त्यांनी उचलला अन् तसाच सुजाताच्या हातात दिला.

"पी. सगळं पी. घाई न्हाई. मग लाव."

सुजातानं तोंड लावून पाणी प्यायलं, गटागटा, अर्धा तांब्या. बाहीनं तोंड पुसलं. टोपी काढून माझ्या हातात दिली. अन् ब्लेड धरलं. केस पदरात पडत गेले, काळे, तेलकट, मऊ. एकही भुईवर गेला नाही. पहिली सुई फसली, रक्ताचा थेंब आला. सासूबाईंनी डोळे मिटले, पण पदर खाली सोडला नाही. दुसऱ्या वेळी सुजाता वाकली, श्वास धरला, अन् हळूच म्हणाली, "गेली."

बाटलीतून थेंब पडायला लागले. हमीदभाई म्हणाले, "शुक्र है." सासूबाई म्हणल्या, "येळकोट येळकोट." दोघांचं एकदमच झालं.

मग वाट बघणं. हा आजाराचा सगळ्यात वाईट भाग आहे बरं का, याच्यापुढं सुया काहीच नाहीत. हमीदभाई मांडी मोडेनात, डोकं हललं तर सुई निघेल म्हणून. सासूबाई पदराच्या गाठीत केस बांधून जप करत बसल्या. सुजाता घडीघडीला यायची, लंगोटाखाली हात घालायची अन् माझ्याकडं बघायची. "ताई, अजून कोरडं हाय. मी परत येते." 'होईल बरं' असं ती एकदाही म्हणाली नाही. पण परत येते म्हणाली की परत यायची. ड्युटी संपल्यावरही गेली नाही. प्रज्ञा, तुला जमंल तेवढं लेकराच्या आईला धीर दे, पण खोटा देऊ नको. खोटा धीर आम्हाला लगेच ओळखू येतो अन् मग तुमच्या खऱ्यावरही विश्वास बसत नाही.

*मामा*

आदल्या दिवशी वॉर्डबॉयकरवी एसटीच्या कंडक्टरकडं धाडलेला निरोप कंधारला पोचला होता. सकाळच्या गाडीनं व्यंकट आला. बहिणीच्या सासरची माणसं असतील म्हणून ठेवणीतलं पांढरंफेक धोतर नेसून आलेला. वॉर्डात शिरला अन् बघतो तर काय, भाचा परक्या माणसाच्या मांडीवर, अन् डोकं एका बाजूनं भादरलेलं.

"अक्का, हे कुणी केलं?"

मी सांगितलं. त्याचा चेहरा पडला. माझा भाऊ तापट नाही, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला. "मी मेलो होतो का गं? एकच भाचा. त्याचं जावळ माझ्या मांडीवर निघायचं. गावात सांगून बसलो मी. माझा मान तू दुसऱ्याला दिलास?"

खरंच तर होतं, मान त्याचा होता. हमीदभाई अवघडले. म्हणाले, "भाऊ, मी फकत जागा धरून बसलो होतो. एसटीत रुमाल टाकतात का न्हाई, तसं. आता तुम्ही आलात, या, बसा."

"रुमाल टाकून मान धरता येतो व्हय?"

तेवढ्यात सुजाता आली. डोळे लाल, केस विस्कटलेले. "तुम्ही मामा का? लई बरं झालं. अर्ध्याहून जास्त डोकं तुमचंच ठेवलंय, घाबरू नका. पण आधी मांडी द्या. यांचे पाय कालपासून मोडले न्हाईत, बघा. अन् डोकं अजिबात हलू द्यायचं न्हाई. सुई निघाली तर पोरगं जाईल."

'पोरगं जाईल' ऐकल्यावर व्यंकट पलंगाजवळ आला. चप्पल काढली अन् बसला. दोघांनी मिळून संदीपला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं, सुजातानं डोकं धरलं. हमीदभाई उठायला गेले तर पाय इतके बधिर झालेले की भिंत धरून उभे राहिले. व्यंकट भाच्याच्या डोक्याला दोन्ही हातांनी आधार देऊन बसला, पण तोंड भिंतीकडं. माझ्याकडं बघेना.

बराच वेळ गेला असंल. सासूबाई पेंगत होत्या. मी संदीपच्या तळपायांना हात लावून बसले होते, ते थोडे गरम वाटून राहिले होते अन् ते वाटणं खरं की खोटं कळत नव्हतं. एकदम व्यंकटचा चेहरा बदलला.

"अक्का... हे काय गं... गरम लागून राहिलं..."

सुजाता पलीकडच्या पलंगावर होती. तिथून धावत आली. तिनं व्यंकटकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ त्याच्या धोतरावर तळहात दाबला, वर काढला, बघितला, हुंगला.

"झाली!" ती ओरडली. "सर, लघवी झाली! ताई, झाली! आजी, उठा, झाली!"

डॉक्टर आले. "किती झाली सिस्टर?"

"मामाचं धोतर भिजलंय सर, अख्खं!"

अख्खा वॉर्ड हसला. सासूबाई उठून त्या सुजाताच्या गळ्यातच पडल्या अन् मोठ्यानं रडायला लागल्या. त्या गोंधळानं संदीप दचकला, तोंड वाकडं केलं अन् रडला. अन् या वेळी त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. खरंखुरं पाणी, गालावरून खाली. मी ते पदरानं पुसलं नाही. मला ते बघायचं होतं.

"धोतर बदल रे," मी व्यंकटला म्हटलं. "शेजारीण पिशवी देऊन गेली, तीत मालकांचं एक हाय."

"राहू दे अक्का," तो म्हणाला. त्याचेही डोळे वाहत होते. "असंच राहू दे."

दुपार झाली तरी तो त्या ओल्या धोतरात तसाच बसून होता. जो येईल त्याला सांगायचा, "माझ्याच मांडीवर केली बरं का." अन् मग हमीदभाईंकडं वळून म्हणाला, "तुमच्या मांडीवर केस पडले, माझ्या मांडीवर ही धार. सांगा भाऊ, मान कुणाचा मोठा?"

हमीदभाई नसरीनची राहिलेली वेणी घालत होते. हात न थांबवता म्हणाले, "तुमचाच भाऊ, तुमचाच. धोतरच सांगून राहिलंय."